उलटं केलेलं घर

बाहेरून मोजलेली लांबी आणि आतल्या खोल्यांची बेरीज यांचं काही केल्या जमेना. आत मीटरभर घर कमी पडत होतं. असं होतं कधी कधी. एखाद्या भिंतीची जाडी धरायची राहून जाते, एखादा कोनाडा दोनदा मोजला जातो. बँकेसाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या माणसाला याची सवय असते. तो चूक शोधतो, सापडली की दुरुस्त करतो आणि चहा मागवतो. त्यानेही शोधली. चूक मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत होती, घरच्या बाईने जिला स्टोअर म्हटलं होतं तिच्यात. त्या खोलीचं माप त्याने दारातूनच घेतलं होतं आणि नेहमीप्रमाणे दोनदा घेतलं होतं. एकदा लेसरच्या मीटरचं बटण दाबायचं, मनगट सैल सोडायचं, पुन्हा दाबायचं आणि दोहोंची सरासरी लिहायची, ही त्याची पहिल्या दिवसापासूनची पद्धत. दोन आकड्यांत फरक पडलाच तर केसाएवढा. इथे बोटभर होता. तो आधी त्या बोटभर फरकाकडे नुसता बघत राहिला, एखाद्या ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख न दाखवल्यासारखा. भिंत पुढेमागे होत नाही. मीटर तो छातीच्या उंचीवर धरतो. म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीच्या मीटरभर अलीकडे, छातीच्या उंचीवर, बोटभर पुढे येणारं आणि बोटभर मागे जाणारं काहीतरी होतं. आणि त्याने त्याची सरासरी काढली होती.

त्याने पेन खाली ठेवलं. कचेरीत शेजारच्या टेबलापाशी कुणीतरी जोरात शिंकलं. त्याला वाटलं, कपडा असेल. खुंटीला टांगलेला कोट वाऱ्याने हलतो. पण वारा कुठून येणार, त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीत वर झरोका होता, त्यावर फळी ठोकलेली होती. एवढं त्याला आठवलं, कारण ठोकलेलं काय आणि सुटं काय, हे बघणं त्याचं काम होतं. बाकी त्याला काय आठवत होतं? त्या बाईचे हात ओले होते. ती पदोपदी हात पुसत होती आणि ते पुन्हा ओलेच दिसत होते. पुढची खोली, स्वयंपाकघर, तिची झोपायची खोली, सगळीकडे ती त्याच्या पुढे चालत होती आणि त्या दाराशी मात्र मागे थांबली. "ते स्टोअर आहे. नसतं मोजलं तर नाही का चालणार?" "प्रत्येक खोली घ्यावी लागते, बाई." "अडगळ आहे हो. आतला दिवाही गेलाय." "मग दारातूनच घेतो." तिने कडी काढली, दार अर्धं उघडलं आणि स्वतः दारात अशी उभी राहिली, की त्याला तिच्या खांद्यावरून हात पुढे करावा लागला. त्याने बटण दाबलं आणि मीटरचा पडदा पाहिला. समोर पडणारा लेसरचा लाल ठिपका नाही पाहिला. आकडे बघणाऱ्याची नजर पडद्यावर असते, ठिपका कुठे पडला हे बघायचं भान नवशिक्याला असतं, जुना माणूस ते धरूनच चालतो. तरी डोळ्याच्या कडेने त्याने तो पाहिला असणारच, कारण आता तो त्याच्यापुढे येत होता: भिंतीवर ठिपका गोल, धारदार पडतो, टिकलीसारखा, हा विस्कटलेला होता, लोकरीवर पडल्यासारखा. हे खरंच पाहिलं की आता खुर्चीत बसून रचलं, ते त्याला सांगता येईना.

आणि कडी. कडी बाहेरून होती.

स्टोअरला कडी बाहेरूनच असते, त्याने स्वतःला सांगितलं. मग लगेच मनात आलं, की ती दाराच्या अगदी वर, हात उंच केल्यावर पोचेल अशी का होती, आणि नवी कोरी का होती, आणि तिचे स्क्रू लाकडाच्या मानाने एवढे मोठे का होते. अडगळ दाराला धक्के मारत नाही.

साहेबांनी त्याला हे काम शिकवलं तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. साहेब तेव्हा जाड होते आणि जिने चढताना मध्ये थांबून बोलत. "कुठल्याही घरात गेलास की ते घर मनातल्या मनात उचलायचं. उलटं करायचं. झटकायचं. जे खाली पडेल ते आपलं नाही. जे चिकटून राहील त्याची किंमत करायची." फार सोपं होतं ते. पलंग पडतो, पंखा राहतो. गालिचा पडतो, फरशी राहते. सुरुवातीची काही वर्षं तो खरोखरच घरं उलटी करायचा, आणि त्याला गंमत वाटायची, की छतावर किती भांडी, किती चपला, किती माणसं धपाधप पडताहेत आणि वर बघितलं तर घर स्वच्छ, रिकामं, ओळखू न येण्याइतकं शहाणं. त्या नियमाने त्याचं डोकं शांत ठेवलं होतं. एका घरात माळाभर नव्या कोऱ्या फोनच्या पेट्या रचलेल्या; पडतात, सोडून दे. एका घरात पहाटे उठल्यासारखे डोळे असलेली एक पोर सगळ्यांची भांडी घासत होती आणि घरातलं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं, पडते. एकदा मात्र झोपायच्या खोलीच्या भिंतीत, उशीच्या जरा वर, मुठीएवढा खड्डा होता. तो पडणारा नव्हता. तो चिकटून राहणारा होता. तो तिथे बराच वेळ उभा राहिला होता आणि मग त्याने लिहिलं होतं: गिलाव्याची किरकोळ दुरुस्ती आवश्यक.

तो उठून साहेबांच्या खोलीत गेला. साहेब आता वाळले होते आणि जिने चढत नसत. टोमॅटो तिथेच बसला होता. टोमॅटोचं खरं नाव कचेरीत फक्त पगाराच्या दिवशी घेतलं जाई. कधीकाळी त्याने एका घरात बंद खोलीत रात्रंदिवस जळणारे दिवे आणि त्यांच्याखाली हिरव्या रोपांच्या ओळी पाहिल्या, आणि गांजा समजून बँकेला, पोलिसांना, सगळ्यांना कळवलं. पोलिस दार फोडून आत गेले. निघाले टोमॅटो. घरचा म्हातारा निवृत्त शिक्षक होता, त्याने पोलिसांना खत किती घालायचं तेही सांगितलं. पण शेजाऱ्यांनी तेवढं ऐकलं नाही, त्यांनी फक्त पोलिस पाहिले, आणि वर्षभरात म्हाताऱ्याने घर विकलं. किंमत ठरवायला पुन्हा याच कचेरीतला माणूस गेला होता.

"मापात फरक येतोय," तो म्हणाला. "एका खोलीत."

"मग पुन्हा जाऊन घे," साहेब म्हणाले.

"मला वाटतं, खोलीत माणूस होता."

"मग? घरात माणसं असतातच."

"अंधारात. न बोलता. बाहेरून कडी होती."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "तू पाहिलास?"

"नाही. मोजला."

टोमॅटो हसला, पण वाईट हसला नाही. "गड्या, माझं ऐक. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तोंडावर आपटलो. तू तर आकड्यात बघतोयस. तुला काय, वांगं म्हणतील."

"आणि खरंच असलं तर?"

"तर तुझ्या आधी दहाजणांना माहीत असेल," टोमॅटो म्हणाला. "दूधवाल्याला, शेजाऱ्याला, विजेचं मीटर वाचणाऱ्याला. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि आपणच का दवंडी पिटायची?"

"आपल्याला लोक घरात घेतात कशाच्या भरवशावर?" साहेब म्हणाले. "कपाटं उघडतात आपल्यापुढे. सख्ख्या भावाला दाखवत नाहीत ते दाखवतात. आपण बोलायला लागलो तर उद्या कुणी दार उघडणार नाही." मग थोडं थांबून, जिन्यात थांबल्यासारखे, म्हणाले, "घर उलटं कर. माणूस पडतो की राहतो?"

"पडतो."

"झालं तर."

"पण कडी राहते," तो म्हणाला. टोमॅटोने गार झालेल्या चहाचा उगीचच एक घोट घेतला.

घरी गेल्यावर त्याने बायकोला आतल्या बोळात उभं केलं. ती कणीक भिजवून आली होती, हात वर धरून उभी राहिली. "माझी किंमत काढणार का आता? काढ बाई एकदाची, मलाही कळू दे." "हलू नकोस." "श्वास घेऊ का?" "घे. नेहमीसारखा घे." त्याने तिच्या छातीवर लाल ठिपका धरला, बटण दाबलं, मनगट सैल सोडलं, पुन्हा दाबलं. बोटभर फरक. मग तिला बाजूला करून त्याने तेच भिंतीवर केलं, आणि भिंतीलाही बोटभर फरक आला. त्याने पुन्हा केलं, पुन्हा आला. भिंत श्वास घेत होती. तेव्हा त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता.

"काय झालंय ते सांगशील का?" बायको म्हणाली, आणि त्याने सांगितलं. तिने ऐकताना बोटाला चिकटलेली कणीक सोलून काढली. तिची अशी खोड होती, की ती वाईट गोष्ट ऐकली की आधी हात रिकामे करायची. "त्या दिवशी थरथरत होता का हात?" "त्या दिवशी का थरथरेल?" "ते मला काय माहीत. तुला काय माहीत?" तिचं बरोबर होतं. आजच्या हाताने त्या दिवशीच्या हाताची साक्ष कशी काढायची? "मग जा की परत," ती म्हणाली. "माप चुकलंय म्हण. खोटंही नाही ते." तो म्हणाला, "आणि माणूस असला तर काय करू?" ती आत जाता जाता म्हणाली, "आधी असू दे तर." मग दारात थांबून, त्याच्याकडे न बघता, "आमच्या शेजारी एक मावशी होती. लहानपणी. तिला आम्ही कुणी कधी पाहिलीच नाही. फक्त तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. आम्ही समजायचो, असतंच असं एखाद्या घरात."

झोपताना त्याने आपलं स्वतःचं घर उलटं करून पाहिलं. बायको पडली, कणकेची परात पडली, तो पडला. वर काय राहिलं ते अंधारात नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईने दार उघडलं तेव्हा ती कामावर निघायच्या कपड्यांत होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कॉलर जोडते, हे कर्जाच्या कागदात होतं. घर गहाण ठेवून तिला दोन मोठी शिलाई यंत्रं घ्यायची होती, हेही होतं. "माप चुकलंय," तो म्हणाला. "मागच्या खोलीचं." ती दार धरून उभी राहिली. तिचे हात आजही ओले होते. "किती चुकलंय?" "मीटरभर." "एवढ्याने काय होतं?" "बेरीज जुळत नाही, बाई." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याला वाटलं, आपण चोर आहोत, आणि चोरी करायला नाही, परत करायला आलो आहोत, आणि तरीही चोरच आहोत. मग ती बाजूला झाली. "त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं," ती म्हणाली. त्याने विचारलंच नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण बोळातून चालताना ती एकदम थांबली, भिंतीला पाठ लावली, आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. "तुम्हीच काढा कडी," ती म्हणाली. "माझा हात होत नाही आज."

त्याने हात उंच करून कडी काढली. आतला दिवा गेलेला नव्हता, बटण बोळात होतं आणि तिने ते दाबलं. एक पलंग, नीट घातलेली चादर, भिंतीला टेकून ठेवलेली गादीसारखी मोठी उशी, आणि खोलीच्या मधोमध जाड लोकरीच्या स्वेटरमधला एक मोठा माणूस. केस पिकलेले, दाढी नुकतीच केलेली, कुणी दुसऱ्याने काळजीने केलेली. तो माणूस त्याच्याकडे बघून हसला. "लाल ठिपका आणला?" त्याने विचारलं. आवाज जाड होता, पण बोलणं शाळेतल्या पोराचं. "मी हललो नव्हतो. ताई, सांग ना यांना, मी हललो नव्हतो."

"नाही हललास रे," बाई म्हणाली. "शहाणा माझा."

हा तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून तिच्याकडे. ती सांगत होती आणि तो ऐकत होता, पण त्याला ते तुकड्यातुकड्यांत पोचत होतं, कारण भाऊ त्याच्या हातातल्या मीटरकडे एकटक बघत होता. कामावर जाते तेवढा वेळ कडी लावते. एकदा नव्हती लावली, तर मोठ्या रस्त्याच्या मधोमध बसला, गाड्या मोजत. एक गाडी थांबली नाही, तिने नुसता कोपरच फोडला, नशीब. झरोक्यातून हाका मारायचा, येणारीजाणारी पोरं दगड मारायची, म्हणून फळी. "एका ठिकाणी ठेवून पाहिला होता. स्वच्छ होतं, माणसं बरी होती. आठवड्यात बोलायचा थांबला. परत आणल्यावर कितीतरी दिवस मला ताई म्हणेना." ती हात पुसत होती. "यंत्रं आली की घरीच काम घेईन. मग कशाला लागतेय कडी? मी काय हौसेने लावते? तुम्हाला काय वाटतं, मला त्याचा आवाज येत नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत?"

इथवर येताना त्याच्यापाशी दोनच गोष्टी होत्या: एक बंद खोलीतला माणूस आणि एक कडी लावणारं माणूस. आता दोन्ही समोर उभी होती आणि त्याला त्यातलं वाईट कुठे ठेवावं ते कळेना. स्वेटर स्वच्छ होता. खोलीला कोंदट, निजेचा वास होता. दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, रंग घासून लाकूड उघडं पडलं होतं, गुळगुळीत, रोज हात फिरवल्यासारखं. आग लागली तर, त्याच्या मनात आलं. आणि ती गल्लीच्या तोंडाशी असली तर.

"मला द्या ना," भाऊ म्हणाला. त्याने मीटर दिलं आणि बटण दाखवलं. भावाने ते दोन्ही हातांनी धरलं, छातीच्या उंचीवर, अगदी बरोबर, आणि ठिपका त्याच्यावर आणला. "हलायचं नाही," भाऊ म्हणाला. तो दारात उभा राहिला. बोळातून बाई बघत होती. त्याने श्वास रोखला. त्याला कळेना, आपण श्वास का रोखतोय, कुणाला फसवायला; पण छाती आपोआप भिंतीसारखी झाली होती. या खोलीत त्या दिवशी हा असाच उभा होता आणि दारातला माणूस पडद्याकडे बघत होता. भावाने बटण दाबलं. मग, कुणी न सांगता, पुन्हा दाबलं.

"दोनदा," भाऊ म्हणाला. "तुम्ही दोनदा केलं होतं."

पुढे त्याने भावाला पलंगावर बसायला सांगून भिंतीचं माप घेतलं. बेरीज जुळली. पुढच्या खोलीत येऊन, उभ्याउभ्याच, त्याने अहवालाच्या कच्च्या प्रतीत जिथे 'स्टोअर' लिहिलं होतं तिथे रेघ मारली आणि वर लिहिलं: झोपण्याची खोली, एक व्यक्ती राहते. खिडकी नाही. कडी बाहेरून. लिहून झाल्यावर त्याला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. पंधरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच असं काही लिहिलं होतं, जे घर झटकलं की खाली पडतं. आणि तेवढं खिशात घालून निघून जाणं त्याला जमेना, म्हणून त्याने ते बाईला वाचून दाखवलं, शब्दन् शब्द.

ती ऐकून खुर्चीवर बसली. "म्हणजे कर्ज गेलं."

"माहीत नाही. खिडकी नसलेल्या खोलीत माणूस राहतो म्हटल्यावर बँक विचारेल. माणूस पाठवतील कदाचित."

"त्याला नेतील?"

"तेही माहीत नाही."

"मग तुम्हाला माहीत काय आहे?" तिचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "कागदावर चार शब्द लिहिलेत. तुम्हाला रात्री झोप लागेल. कडी मलाच लावायचीय."

त्याला म्हणायचं होतं, की झोप लागणार नाही. पण ते म्हणणं म्हणजे तिच्याकडे काहीतरी मागणं होतं. त्याने खोडलं नाही. खोडावं असं वाटत होतं, आणि खोडू नये असंही, आणि दोन्हींची सरासरी निघत नव्हती. मागून, बोळाच्या टोकाकडून, भाऊ आपल्याशीच म्हणत होता, "हललो नाही. हललो नाही." कडी अजून उघडीच होती.

मग बाई म्हणाली, "त्याच्या खोलीची मागची भिंत. बाहेर गल्ली आहे तिच्या."

"हो."

"तिच्यात खिडकी निघेल? की घर खाली येईल?"

हे त्याला माहीत होतं. निदान हे माहीत असण्यासारखं होतं. "बघावं लागेल," तो म्हणाला. "गज बसवून निघत असेल बहुधा. वर आधार द्यावा लागेल. गल्लीतून बघतो."

"निघत असेल तर तेही लिहाल?"

"लिहीन."

"आणि मग ते काय म्हणतील?"

"माहीत नाही, बाई."

ती उठली. "काय करता ते करा," म्हणाली, आणि घड्याळाकडे पाहिलं, आणि पायातली चप्पल काढून ठेवली. ती आज कामावर जाणार नव्हती. उद्याचं काय, हे तिनेही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

गल्ली अरुंद होती, दोन घरं एकमेकांकडे पाठ करून उभी. त्याने पावलांनी अंदाज घेतला, ती भिंत शोधली आणि वरची फळी ठोकलेली जागा ओळखली. विटा चांगल्या होत्या. त्याने पेन्सिल काढली, भिंतीला कान लावला, आणि आतून पोकळी कुठे सुरू होते ते कळावं म्हणून बोटाच्या पेराने एकदा ठोकलं.

आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

त्याने तिथे पेन्सिलीने खूण केली. पुन्हा ठोकलं. आतून पुन्हा दोनदा, पण या वेळी हातभर डावीकडे. त्याने तिथेही खूण केली. मग खाली, गुडघ्यापाशी. मग वर, फळीच्या जवळ, पलंगावर चढल्याशिवाय पोचता येणार नाही इतक्या वर. आत कुणीतरी हसत धावत होतं. तो ठोकत राहिला आणि खुणा करत राहिला. भिंत खुणांनी भरत चालली, आणि खिडकी नेमकी कुठे काढायची, ते त्याला काही केल्या ठरवता येईना.